गाठ जिरते कशी

रक्त काढायच्या खोलीबाहेरच्या बाकावर गोव्यातल्या वाळपईकडची एक आजी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. पोर चारेक वर्षांचं. मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी, दीड-दोन सेंटिमीटरच्या, बोटाखाली सरकणाऱ्या, दाबल्या तरी न दुखणाऱ्या. नळी भरली, कापूस दाबून धरला, आणि आजीने विचारलं, "बाय, ताप कधीच गेला. मग ही गाठ का जिरना?" बाहेर पाऊस कोसळत होता, रांगेतला पुढचा माणूस बाही वर करून उभा होता, आणि "डॉक्टर सांगतील हां आजी" यापलीकडे बोलायला त्या घडीला उसंत नव्हती. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. गाठ येते कशी हे कुणीही सांगतं: जंतू शिरतो, पेशी वाढतात, सूज येते. आजीने विचारलं होतं त्याच्या नेमकं उलट. गाठ जाते कशी, आणि इथे ती का जात नाही. पांढऱ्या पेशींवर काम करणाऱ्यांच्या दृष्टीने खरा अवघड आणि खरा सुंदर भाग तोच आहे.

पोराला सर्दी-पडसं होतं, घसा धरतो, जबड्याखाली गाठ उठते. ही गाठ म्हणजे पांढऱ्या पेशींचं ठाणं, लसिकाग्रंथी. घशातल्या जंतूचे तुकडे घेऊन डेंड्रायटिक पेशी त्या गाठीत उतरलेल्या असतात. तिथल्या असंख्य टी पेशींतली, म्हणजे जंतूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतली, एखादीच त्या तुकड्याशी जुळते, आणि जुळली की दिवसाला दोन-तीनदा विभागत सुटते. आठवडाभरात एकीच्या हजारो होतात. पुढे दोन-तीन आठवड्यांत गाठ बसते. आई अंघोळ घालताना मानेवरून हात फिरवते, "गेली बघ" म्हणते, आणि विषय संपतो. पण त्या हजारो पेशी कुठे निघून जात नाहीत. त्या मरतात. उंदरांमध्ये एलसीएमव्ही या विषाणूचा संसर्ग करून हे फार बारकाईने मोजलं गेलं आहे: आठव्या दिवसाच्या सुमारास विषाणूवर नेम धरलेल्या सीडी८ टी पेशी (सीडी म्हणजे पेशीच्या अंगावरच्या रेणूंच्या यादीतला क्रमांक) शिखराला पोचतात, आणि त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत त्यांतल्या ९० ते ९५ टक्के नाहीशा होतात. उरलेल्या ५-१० टक्के स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षं राहतात. एवढी मोठी कत्तल होते आणि पोराला ताप येत नाही, दुखत नाही, पू होत नाही. ते अंगणात खेळत असतं.

ही शांतता आपोआप आलेली नसते.

पेशीने जगायचं की मरायचं हे बरंचसं तिच्या पृष्ठभागावर ठरतं. तिथे पटलात रोवलेले रेणू असतात, अर्धे बाहेर, अर्धे आत. बाहेरच्या अर्ध्याला काय चिकटलं यावर आतला अर्धा काय करतो ते अवलंबून. आणि यातली पहिली, सगळ्यांत दचकवणारी गोष्ट अशी की टी पेशीला मरायला कुठल्याही हुकमाची गरज नसते. जगायला असते. अजून एकही जंतू न पाहिलेली कोवळी टी पेशी रक्तातून गाठीत, गाठीतून पुन्हा रक्तात फिरत राहते ती आयएल-७ या रेणूच्या जोरावर. तो बनवतात गाठीच्या टी पेशींच्या भागात जाळं विणून बसलेल्या आधारपेशी. टी पेशीवर त्याला धरणारा रेणू, रिसेप्टर, असतो दोन साखळ्यांचा, सीडी१२७ आणि सीडी१३२. आयएल-७ ने दोघी जवळ आणल्या की आतल्या बाजूला जॅक१ आणि जॅक३ ही एन्झाइमं जागी होतात, स्टॅट५ हा निरोप्या केंद्रकात जातो, आणि पेशी बीसीएल-२ नावाचं प्रथिन बनवत राहते. बीसीएल-२ चं काम एकच: पेशीला मरणाकडे ढकलणाऱ्या बिम आणि त्याच्या भाऊबंदांना धरून ठेवणं. पुरवठा तुटला, बीसीएल-२ घटलं, बिम मोकळा सुटला, की बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं मायटोकाँड्रियाच्या पटलाला भोकं पाडतात, सायटोक्रोम सी बाहेर गळतं, कॅस्पेज एन्झाइमं पेशीला आतून पद्धतशीर कापत जातात.

इथे दिवाडी-चोडणकडचं खाजन, बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली शेती, ज्याने पाहिलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. बांध कुणी फोडावा लागत नाही. बघणारा थांबला की खेकडे पोखरतात, चिखल खचतो, आणि एका भरतीला खारं पाणी शेतात येतं. दुर्लक्ष पुरेसं असतं. आणि कधी तोच बांध कुणी रात्री मुद्दाम फोडतो, ती गोष्ट निराळी. टी पेशींचं मरण या दोन्ही वाटांनी येतं, आणि तपासणीच्या टेबलावर शेवट सारखाच दिसत असला तरी कुठल्या वाटेने आलं हे कळल्याशिवाय आजाराचा पत्ता लागत नाही.

आयएल-७ च्या बाबतीत एक बारीक तपशील दर वेळी नव्याने थक्क करतो. आपला वाटा मिळाला की टी पेशी स्वतःच्या पृष्ठभागावरचं सीडी१२७ कमी करते, म्हणजे शेजारणीला उरावं. आयएल-७ बनवणाऱ्या पेशी ठरावीक, तेवढ्यावर जगतील तेवढ्याच टी पेशी. शरीरातली टी पेशींची संख्या वर्षानुवर्षं एका पट्ट्यात राहते त्यामागे हा हिशेब आहे. केमोथेरपीनंतर किंवा एचआयव्हीत टी पेशी घटल्या की खाणारी तोंडं कमी होतात आणि रक्तातलं आयएल-७ वाढलेलं सापडतं. सीडी१३२ च्या जनुकात दोष असलेलं बाळ जन्मतः गुटगुटीत असतं, पण त्याला टी पेशी आणि एनके पेशी (विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या) जवळजवळ नसतातच. आईकडून आलेली प्रतिपिंडं ओसरली की तीन-चार महिन्यांत न्यूमोनिया, जुलाब, तोंडात बुरशी सुरू होते. दोष सीडी१२७ मध्ये असेल तर टी पेशी नसतात, एनके मात्र असतात. आपल्याकडे जन्मल्याबरोबर बीसीजी देतात, त्यामुळे अशा बाळाची पहिली खूण पुष्कळदा डाव्या दंडावरच दिसते: टोचलेली जागा भरत नाही, चिघळत जाते, काखेत गाठ फुगते. साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, लिम्फोसाइटची (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींची) निव्वळ संख्या बाळाच्या वयाच्या मानाने फार कमी दिसली तरी संशयाला पुरे. टक्केवारी नव्हे, निव्वळ संख्या. प्रौढाची कमी-जास्तीची सीमा बाळाला लावली तर ही खूण सहज निसटते.

आता पुन्हा फुगलेल्या गाठीत. शिखराच्या दिवशी गाठीतल्या लढणाऱ्या पेशी वरवर सारख्याच दिसतात, सगळ्याच टपोऱ्या, सगळ्याच मारायला सज्ज. पण पृष्ठभाग रंगवून पाहिलं तर फरक दिसतो. बहुतेकींवर केएलआरजी१ हा रेणू भरपूर आणि सीडी१२७ नाही. थोडक्यांवर सीडी१२७ परत आलेलं. पहिल्या मरतात, दुसऱ्या स्मृतिपेशी होतात. लढाई ऐन भरात असताना उद्या कोण उरणार याची खूण अंगावर उमटलेली असते. जंतू हटला, टी पेशी वाढवणारं आयएल-२ आटलं, सीडी१२७ नाही म्हणून आयएल-७ ही घेता येत नाही, मग बिम. साध्या सर्दीनंतरची गाठ जिरते ती बहुतांशी या वाटेने, पुरवठा तुटून. मुद्दाम मारलं जाण्याची दुसरी वाट तिथे दुय्यम असते. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत पुष्कळदा उलटी ठसते, कारण दुसरी वाट जास्त नाट्यमय आहे.

ती दुसरी वाट म्हणजे फॅस.

१९८९ साली जपानात शिन योनेहारा यांनी आणि जर्मनीत हायडेलबर्गला पीटर क्रामर यांच्या गटाने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशा अँटीबॉडी शोधल्या की त्या नुसत्या पेशीला चिकटल्या तरी पेशी मरत. तोवर अँटीबॉडी म्हणजे खूण करणारी, मारायला कॉम्प्लिमेंट (रक्तातली मारक प्रथिनं) किंवा दुसरी पेशी हवी, असा समज होता. इथे पेशीच्या अंगावरचंच काहीतरी दाबलं जात होतं. शिगेकाझू नागाता यांच्या ओसाकातल्या प्रयोगशाळेने १९९१ मध्ये त्या रेणूचं जनुक हाती आणलं. हाच फॅस, आजच्या यादीत सीडी९५. १९९३ मध्ये त्याच प्रयोगशाळेने त्याला दाबणारा जोडीदार, फॅस लिगंड, शोधला. मधल्या वर्षी, १९९२ मध्ये, एक जुनं कोडं सुटलं होतं. अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत १९७० च्या दशकापासून एलपीआर नावाची उंदरांची एक जात सांभाळली जात होती. त्यांच्या गाठी आणि प्लीहा वाढतच जायच्या, पुढे ल्युपससारखा, शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार व्हायचा. सगळे विचारत होते की यांच्यात पेशी एवढ्या का तयार होतात. तयार होण्यात काहीच वावगं नव्हतं. त्यांच्या फॅसच्या जनुकात मधेच एक उपरा तुकडा घुसलेला होता, आणि पेशी मरत नव्हत्या.

फॅसची रचना समजली की पुढचं सगळं सोपं होतं. लिगंड तीन-तीनच्या जुडग्यात येतं आणि पटलावरचे तीन फॅस एकत्र खेचतं. आतल्या बाजूला प्रत्येक फॅसला एक मृत्युखंड असतो. तीन खंड जवळ आले की त्यांच्यावर फॅड हे जोडणारं प्रथिन बसतं, फॅडवर कॅस्पेज-८ चे निद्रिस्त रेणू येऊन खेटतात, आणि इतके खेटले की एकमेकांना कापून जागे करतात. पुढे कॅस्पेज-३, मग शेवट. पण फॅडवरच्या त्या जागेसाठी आणखी एक उमेदवार असतो, फ्लिप. दिसायला कॅस्पेज-८ सारखा, पण तो भरपूर असला तर पुढचं कापणं होत नाही. नुकत्याच जाग्या झालेल्या टी पेशीत फ्लिप भरपूर असतो. तिच्या अंगावर फॅस असतो, समोर लिगंड असतं, तरी ती मरत नाही. तिला अजून काम करायचं आहे. आयएल-२ च्या सहवासात काही दिवस गेले की फ्लिप घटतो आणि तोच फॅस आता मारतो. म्हणजे ज्या आयएल-२ ने तिला वाढवलं त्यानेच तिला मरणयोग्य केलं. त्यामुळे "या पेशीवर फॅस आहे" या एका वाक्यावरून ती मरणार की जगणार हे सांगता येत नाही. कितव्या दिवशीची पेशी, आत काय साठा, लिगंड कुठे आहे, हे सगळं विचारावं लागतं.

लिगंड कुठे आहे, हा प्रश्नही क्षुल्लक नाही. दुसऱ्या पेशीच्या पटलावर रोवलेलं लिगंड मारतं. तेच धातुयुक्त प्रोटिएजनी कापून रक्तात सोडलं की त्याची मारण्याची ताकद जवळपास जाते. आणि फॅस यकृताच्या पेशींवरही भरपूर असतो. १९९३ मध्ये फॅस दाबणारी अँटीबॉडी धडधाकट उंदरांना टोचून पाहिली, तर यकृत नष्ट होऊन ते काही तासांत मेले. फॅस दाबून कॅन्सर किंवा बेलगाम टी पेशी माराव्यात ही कल्पना कागदावर कितीही मोहक वाटली तरी औषध म्हणून ती सरळसोट का चालली नाही, त्याचं उत्तर या प्रयोगात आहे.

दिवसेंदिवस तेच तेच प्रतिजन (टी पेशी ओळखते तो तुकडा) समोर येत राहिलं, म्हणजे मुख्यतः स्वतःच्याच शरीराचं, की तिथे पुरवठा तुटण्याची वाट उपयोगी पडत नाही. पेशीला चेतवणारं संपतच नाही. तिथे फॅस लागतो. ज्या उंदरांत बिम आणि फॅस दोन्ही नाहीत त्यांच्या गाठी एकेकट्या दोषाच्या कितीतरी पुढे जातात. दोन वाटा एकमेकींची पडती बाजू सांभाळतात हे त्यातून दिसलं. माणसात फॅसच्या दोषाचा आजार १९९५ मध्ये नक्की झाला. त्याचं नाव एएलपीएस. लहानपणीच गाठी आणि प्लीहा सहा महिन्यांहून जास्त काळ वाढलेल्या, जंतू सापडत नाही, कॅन्सर सापडत नाही, आणि मधूनच लाल पेशी किंवा प्लेटलेट स्वतःच्याच प्रतिपिंडांनी नष्ट होतात. आपल्याकडे मानेतली गाठ म्हटलं की आधी टीबी, आणि ते योग्यच आहे. सुईने नमुना घेणं, जीनएक्सपर्ट ही टीबीची चाचणी, गरज पडली तर गाठ काढून लिम्फोमा नाही ना हे पाहणं, हे सगळं आधी. एएलपीएस दुर्मीळ आहे. पण हे सगळं "नाही" आल्यावर टीबीची औषधं अंदाजाने महिनोन् महिने चालू ठेवण्यापेक्षा एक नळी रक्त पुढे पाठवणं मुलाच्या हिताचं.

त्या नळीचं काय होतं ते सविस्तर सांगायला हवं, कारण उत्तर बिघडतं ते इथेच. पहिली तपासणी पृष्ठभागाची. शोधायच्या असतात त्या डीएनटी पेशी: सीडी३ आहे, अल्फा-बीटा रिसेप्टर आहे, पण सीडी४ नाही आणि सीडी८ ही नाही. निरोगी माणसात या अगदी थोड्या. लिम्फोसाइटची एकूण संख्या नेहमीइतकी किंवा जास्त असताना या पेशी लिम्फोसाइटच्या १.५ टक्क्यांपेक्षा, किंवा सीडी३ पेशींच्या २.५ टक्क्यांपेक्षा जास्त असल्या तर संशय पक्का. नेहमीची चूक म्हणजे अल्फा-बीटाचा रंग न घालता नुसतं सीडी३, ४, ८ पाहणं. गॅमा-डेल्टा टी पेशींवर बहुधा सीडी४ नसतं, सीडी८ ही नसतं, आणि त्या निरोगी रक्तातही काही टक्के असतात. त्या मोजणीत मिसळल्या की आकडा उगाच फुगतो आणि घरच्यांची झोप उडते. सोबत बी२२० या रेणूचा रंग घातला तर चित्र आणखी स्पष्ट होतं, एएलपीएसच्या डीएनटी पेशींवर तो दिसतो. बी१२ चाही अहवाल मागवावा. या आजारात ते औषधाशिवाय प्रचंड वाढलेलं असतं, मिलिलिटरला १५०० पिकोग्रॅमच्या वर. फक्त आपल्याकडे अशक्त दिसणाऱ्या पोराला बी१२ चं सिरप कुणीही देतं, त्यामुळे आधी घरी कुठली बाटली चालू आहे ते विचारून घ्यावं.

दुसरी तपासणी मरणाची. यासाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीएची नळी नको, हिरव्या झाकणाची हेपरिनची हवी. काणकोण-पेडण्याहून नमुने येतात ते पुष्कळदा बर्फाच्या डब्यात, सद्भावनेने. या तपासणीला बर्फ घातक. गारठलेल्या रक्तात ग्रॅन्युलोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी हलक्या होतात आणि लिम्फोसाइटच्या थरात येऊन बसतात. मे महिन्यातली गाडीची डिकीही तितकीच वाईट. खोलीच्या तापमानाला, थर्माकोलच्या डब्यात, २४ तासांच्या आत. रक्त बरोबरीच्या सलाइनने पातळ करून पेशींचे थर वेगळे करणाऱ्या १.०७७ घनतेच्या फायकॉल या द्रवावर, नळी तिरकी धरून, पिपेट काचेला टेकवून, थेंबाथेंबाने चढवायचं. फायकॉल फ्रिजमधून काढून थेट वापरलं तर दाट राहतं आणि लाल पेशी नीट खाली बसत नाहीत. म्हणून ते आधी बाहेर काढून ठेवायचं. ४०० जी वर ३० मिनिटं फिरवायचं, ब्रेक बंद ठेवून. ब्रेक चालू राहिला तर थर ढवळतात आणि सगळी मेहनत वाया. सेंट्रिफ्यूज थांबल्यावर झाकण उघडलं की ज्या कारणासाठी हे काम आवडतं ते दिसतं: वर गवती पिवळा प्लाझ्मा, तळाला लाल, आणि मधे लिम्फोसाइटची धुरकट पांढरी कडी. पावसाळ्यात नळी बाहेर काढताच काचेवर दव धरतं, ते पुसून दिव्यासमोर धरलं की ती कडी हलकेच डुलते. एवढीशी, आणि त्यातही शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी सुमारे २ टक्केच रक्तात असतात. बाकीच्या गाठीत, प्लीहेत, आतड्यात.

या पेशी लगेच फॅसने मरत नाहीत, वर म्हटलं त्याच कारणाने. त्यांना आधी पीएचएसारख्या चेतवणाऱ्या द्रव्याने जागं करायचं, मग आयएल-२ घालून दिवसेंदिवस वाढवायचं, मग फॅस दाबणारी अँटीबॉडी घालायची. तीसुद्धा कुठलीही चालत नाही. सीएच११ आयजीएम जातीची आहे, दहा हातांची, ती फॅसना एकत्र गोळा करते म्हणून मारते. झेडबी४ त्याच फॅसला चिकटते आणि उलट वाचवते. दोन्ही कुप्या फ्रिजच्या एकाच खणात असतात, दोन्हींवर "अँटी-फॅस" लिहिलेलं असतं. नीट वाचून उचलावी. दुसऱ्या दिवशी मोजणी. दहा लाख पेशी मिलिलिटरला अशा बेताने बफरमध्ये घ्यायच्या, त्यातले १०० मायक्रोलिटर, त्यात ५ अॅनेक्सिन आणि ५ प्रोपिडियम आयोडाइड (फाटलेल्या पटलातून आत शिरणारा रंग), अंधारात १५ मिनिटं, मग ४०० मायक्रोलिटर बफर घालून तासाभरात यंत्रावर. अॅनेक्सिन चिकटतं ते फॉस्फॅटिडिलसेरिनला, आणि त्यासाठी त्याला कॅल्शियम लागतं. बफरमध्ये ते २.५ मिलिमोलर असतं. पेशी धुताना ईडीटीए राहिलं तर ते कॅल्शियम गिळतं आणि मेलेल्या पेशीही जिवंत दिसतात. उलट पिपेटने जोरात ढवळलं तर धडधाकट पेशींचं पटल फाटतं आणि त्या मेलेल्या दिसतात. म्हणून अॅनेक्सिन एकटं, आयोडाइड एकटं, काहीच न घातलेली, आणि निरोगी माणसाच्या त्याच दिवशीच्या पेशी, अशा नळ्या सोबत लावल्याशिवाय आकडा लिहू नये. मधेच लाइट गेली आणि इनक्युबेटर थंडावला तर निरोगी माणसाची नळीच ते सांगते. आणखी एक: दोन्ही रंग घेतलेली पेशी मेली आहे एवढंच कळतं, कुठल्या वाटेने मेली हे त्या ठिपक्यात लिहिलेलं नसतं.

फॉस्फॅटिडिलसेरिनबद्दल थोडं. जिवंत पेशी हा रेणू पटलाच्या आतल्या थरात ठेवते; चुकून बाहेर गेला की एटीपी११सी हे प्रथिन त्याला परत आत ओढतं. मरणाच्या वेळी कॅस्पेज त्या ओढणाऱ्याला कापतं आणि थर मिसळणाऱ्या एक्सकेआर८ ला कापून चालू करतं, मग दोन्ही थर मिसळतात आणि तो रेणू बाहेर येतो. मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेजसाठी ही खाण्याची खूण. खाताना तो दाह शमवणारे रेणू सोडतो, पेशी फुटायच्या आधीच पोटात गेलेली असते, म्हणून गाठ जिरताना दुखत नाही. याच्या उलट खूण सीडी४७ ची, "मला खाऊ नको". ती झाकणारी अँटीबॉडी कॅन्सरसाठी दिली की रक्तक्षय होतो, कारण लाल पेशींनाही तिचाच आधार असतो. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचं तर रोजचंच आहे: प्रौढाच्या अस्थिमज्जेत दिवसाला सुमारे १०० अब्ज बनतात आणि तेवढ्याच जातात. खाणाऱ्यांना उरक झेपला नाही की पू दिसतो.

टी पेशीच्या अंगावरच्या आणखी एका रेणूची, पीडी-१ ची, गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. क्योतोत तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये मरणाऱ्या पेशींत कुठलं जनुक चालू होतं हे शोधताना तो सापडला. पुढे कळलं की तो मारत नाही, आवरतो. तो नसलेल्या उंदरांना उतारवयात ल्युपससारखा आजार झाला, आणि तो झाकणारी औषधं आज फुप्फुसाच्या आणि त्वचेच्या कॅन्सरमध्ये दिली जातात. २०१८ चं नोबेल होंजो आणि जेम्स अॅलिसन यांना मिळालं ते या आवर घालणाऱ्या रेणूंवरच्या कामासाठी. ही औषधं चालू असलेल्या रुग्णाला दमणूक आली तर ती केमोची समजून सोडू नये. थायरॉइडसाठी टीएसएच बघावं, जुलाब किती वेळा ते विचारावं, नवा कोरडा खोकला असेल तर छातीचा सीटी लवकर करावा. आवर काढला की टी पेशी कॅन्सरच्या गाठीपुरत्या थांबत नाहीत.

एएलपीएस झालेल्या घरात आणखी एक प्रश्न हमखास येतो: दोष बापाकडून आला, मग बाप धडधाकट कसा? फॅसची दोन जनुकं, एक आईचं, एक बापाचं. दोष एकातच असला तरी पेशी दोन्हींची प्रथिनं सारखीच बनवते आणि ती तीन-तीनने जुळतात. तिन्ही निर्दोष असण्याची शक्यता अर्ध्याचा अर्ध्याचा अर्धा, म्हणजे आठात एक. म्हणून मृत्युखंडातला एकच दोष, निम्मा नव्हे, जवळजवळ सगळा कारभार बिघडवतो. तरीही तोच दोष घेऊन काहीजण आयुष्यभर ठणठणीत राहतात. ज्यांच्या दोषाने प्रथिन बनतच नाही त्यांच्यात उरलेल्या फॅसना भेसळ होत नाही, त्यामुळे तिथे आजार सौम्य असतो किंवा दिसतच नाही. मुलांच्या गाठी वय वाढेल तशा बहुधा कमी होत जातात. रक्तपेशी नष्ट होणं मात्र परत परत उलटू शकतं, त्यासाठी मायकोफेनोलेट किंवा सिरोलिमस आहे. फुगलेली प्लीहा पाहून ती काढून टाकायचा मोह होतो, तो टाळावा. प्लीहा गेलेल्या या मुलांत न्यूमोकोकसचा संसर्ग रक्तात पसरून जीव जातो.

आणि जनुकाचा अहवाल "निर्दोष" आला तरी थांबू नये. काही मुलांत दोष जन्मतः नसतो. तो पुढे कधीतरी एखाद्या रक्तमूळपेशीत होतो, आणि तिच्यापासून झालेल्या थोड्याच पेशींत उतरतो. अख्ख्या रक्ताच्या डीएनएत त्याचा आवाज दबून जातो. पण ज्या पेशी मरत नाहीत त्याच साठत जातात, म्हणजे डीएनटी पेशींत तो ठासून भरलेला असतो. म्हणून अशा वेळी यंत्रावर आधी डीएनटी पेशी वेगळ्या काढून घ्याव्यात आणि फॅसचं वाचन फक्त त्यांच्या डीएनएवर करावं. नळीही मग २ मिलिलिटरची पुरत नाही, चार वर्षांच्या पोराचं जेवढं सुरक्षित घेता येईल तेवढं रक्त लागतं, आणि सोबतच्या कागदावर डीएनटीचा टक्का लिहून पाठवावा लागतो, म्हणजे पेशी वेगळ्या काढणाऱ्याला किती हाती लागतील याचा अंदाज येतो.